चिंचेच्या मळ्यावरची पैज

छत्रपती संभाजीनगर
५ एप्रिल

प्रिय सुलेखा,

बाजारच्या दिवशी तुमच्या चावडीसमोर जे ठरलं ते मी कागदावर उतरवते आहे. काकासाहेबांना वाचून दाखव. त्यांना यातलं काही वेगळं आठवत असेल तर आत्ताच सांगू देत, मे महिन्याच्या शेवटी आठवायला नको.

हवामान खात्याने यंदाचा मार्च ते मे हा देशाचा आजवरचा सर्वांत तापलेला उन्हाळा म्हणून जाहीर केला, तर काकासाहेब रस्त्याकडेचा वीस गुंठ्यांचा चिंचेचा मळा वस्तीवरच्या शाळेला देतील. एवढ्यावर त्यांचं समाधान झालं नाही. देश कुणी बघितलाय, आपल्या गावच्या डब्यात काय दिसतं ते बोला, असं म्हणून त्यांनी दुसरी अट घातली. शाळेच्या आवारातल्या माझ्या डब्यानेही स्वतःचा जुना आकडा मोडला पाहिजे. तो आकडा चव्वेचाळीस पूर्णांक आठ आहे. दोन्ही विक्रम मोडले तर मळा शाळेचा. एक जरी राहिला तर मी पुन्हा शाळेच्या तापणाऱ्या पत्र्याचं नाव काढायचं नाही.

त्या दिवशी निम्म्या लोकांना डबा म्हणजे काय तेच माहीत नव्हतं, म्हणून हेही वाच. चार पायांवर उभी केलेली, पांढऱ्या झडपांची लाकडी पेटी आणि आत तापमापक. मी कॉलेजात भूगोल शिकवत होते तेव्हा ती बसवली. शाळेचा शिपाई सोमनाथ रोज संध्याकाळी पाच वाजता ती उघडतो, दिवसभरात पारा कुठपर्यंत चढला होता ते बघतो आणि दर शनिवारी आठवड्याचे आकडे कार्डावर लिहून मला पाठवतो. बावीस वर्षांत एक दिवस चुकलेला नाही.

इथून पुढचं फक्त तुझ्यासाठी, वाचून दाखवू नकोस. पैज लावणं मला आवडलेलं नाही. बावन्न मुलं पत्र्याखाली बसतात. मार्चमध्येच चौथीतली तनुजा फळ्यापुढे चक्कर येऊन पडली. तिच्यासाठी सावलीची जागा मागायला मी आले आणि तुझ्या नवऱ्याने पैजेचा हात पुढे केला. शंभर माणसांसमोर मी नाही म्हटलं असतं तर विषय तिथेच मिटला असता.

पण हात पुढे करताना काकासाहेब हसले. मी त्यांना पंचेचाळीस वर्षं ओळखते. बैल विकताना असो की निवडणूक लढवताना, हरण्याची शक्यता असेल तिथे हा माणूस उभाच राहत नाही. मग इथे कसा उभा राहिला? देशाचा आकडा त्यांच्या हातात नाही. डबा मात्र त्यांच्या घरापासून हाकेच्या अंतरावर आहे.

उन्हाळ्यात शाळा अकराला सुटते. त्यानंतर पाचपर्यंत आवारात कोण असतं ते मला कळव, आणि पत्रानेच कळव. तुझा फोन घरातले पाच जण उचलतात.

तुझी,
दमयंती


पाचोड
११ एप्रिल

प्रिय दमयंती,

तुझं पत्र ह्यांना जेवताना वाचून दाखवलं. ‘कॉलेजच्या बाईंनी कोर्टाचा कागद केला की,’ म्हणाले आणि आणखी अर्धी भाकरी घेतली. वेगळं काही आठवत नाही म्हणाले. तेव्हा तुझा कागद पक्का झाला.

तू हॉस्टेलात होतीस तशीच आहेस. मेसच्या डाळीत पाणी कोण घालतं ते शोधायला तू पहाटे चारला उठली होतीस आणि मलाही उठवलं होतंस. पाणी कुणीच घालत नव्हतं. डाळच कमी टाकायचे. आठवतं का?

इथं रोज पाच वाजता डब्याभोवती जत्रा भरते. सोमनाथ कुलूप काढतो, वाकून बघतो, आकडा बोलतो. मग आमचा पुतण्या गोकुळ तो चावडीच्या भिंतीवर खडूनं लिहितो. काल एका म्हाताऱ्यानं सोमनाथला विचारलं, ‘देशाचा डबा कुठशी ठेवलाय रं?’ सोमनाथनं तू शिकवलेलं सगळं सांगितलं. एकच डबा नसतो, देशभर ठिकठिकाणी असतात, सगळ्यांचा मिळून आकडा काढतात. म्हातारा खूश झाला. ‘मंग त्यात आपला हाय ना?’ सोमनाथ म्हणाला, ‘नाय बाबा. आपला बाईंचा हाय.’ सगळ्यांची तोंडं उतरली. आपल्या गावचं ऊन सरकारात जमा होत नाही, हे लोकांना लई लागलं.

तुमच्या शहागंजाहून कापडवाला येतो बाजाराला, तो सांगत होता की तिकडं दुकानदारांतही पैजा चालल्यात. यंदा देशाचा विक्रम तुटतो की नाही, यावर. इथं तुझी पैज ऐकली आणि ती कथा घेऊन गेला तो.

मळ्याबद्दल तू काही विचारलं नाहीस. यंदा चिंच भरपूर आली. फोडायला बाया लावल्यात, हात काळे झालेत माझे.

ऊन फार आहे. दुपारची बाहेर पडू नकोस.

तुझी,
सुलेखा


छत्रपती संभाजीनगर
२६ एप्रिल

प्रिय सुलेखा,

सोमनाथचं कार्ड काल आलं. त्याने लिहिलंय: विसला ४१.०, एकविसला ४०.६, बाविसला ४१.२, आणि पुढेही तसंच. आकाश रोज निरभ्र. माझ्या गच्चीवर असाच दुसरा डबा आहे. त्यात याच दिवशी ४३.६, ४३.९ आणि ४४.१ होते. एवढ्या वर्षांत तुमचा आणि माझा डबा एका अंशापेक्षा जास्त कधी लांब गेले नाहीत. अठरा तारखेपर्यंतही गेले नव्हते. अक्षयतृतीयेनंतर एकदम तीनेक अंशांचं अंतर पडलं आणि ते रोज टिकून आहे. ऊन असं वागत नाही, माणसं वागतात.

कूलरचा वाळा घ्यायला परवा शहागंजात गेले होते. दुकानदाराला मी पाचोडचा विषय काढून बघितला. त्याला मी कोण हे माहीत नव्हतं. तो म्हणाला, ‘मॅडम, देश का तो जून में मालूम पडेंगा. अब्बी सब लोगां पाचोड के डब्बे पेच पैसा लगा रहे. ठंडा चल रहा डब्बा. नहीं टूटता बोलनेवाले बहुत होगए.’ मी विचारलं, डबा थंड आहे हे त्यांना रोज कळतं कसं? तो हसला. ‘फोटो आता ना मॅडम, दीवार का.’ म्हणजे तुझा गोकुळ भिंतीवर लिहितो आणि फोटो शहागंजात जातो. आकडा खाली ठेवण्यात आता काकासाहेबांशिवाय इतरांचाही फायदा आहे.

मला सोमनाथचं नाव घेताना बरं वाटत नाही. तो एकोणीस वर्षांचा असताना डोळा पाऱ्याच्या रेषेत कसा धरायचा हे मी त्याला शिकवलं. पण किल्ली एकट्या त्याच्याकडे आहे, आणि मार्चमध्ये मी आले तेव्हा त्याच्या दारात मोटारसायकल उभी होती. शिपायाच्या पगारात ती कशी आली?

पाच वाजता तू स्वतः जा आणि त्याच्या खांद्यामागून आकडा बघ. आणि माझ्या प्रश्नाचं उत्तर राहिलं आहे. दुपारी आवारात कोण असतं?

दमयंती


पाचोड
३ मे

प्रिय दमयंती,

तू सांगितलंस म्हणून चार दिवस पाचला गेले. चष्मा पुसून बघितलं. सोमनाथ बोलतो तोच आकडा पाऱ्याला असतो. काल एक्केचाळीस पूर्णांक एक होता आणि त्यानं एक्केचाळीस पूर्णांक एकच लिहिलं. मी इतक्या जवळून बघतेय म्हटल्यावर तो जरा बाजूला झाला आणि म्हणाला, ‘वैनी, बाईंनी सांगितलं का बघायला?’ मी नाही म्हटलं. त्याला ते खोटं आहे हे कळलं. तरी त्यानं मला वाकायला जागा करून दिली.

मोटारसायकल त्याच्या मेव्हण्याची आहे. तो चितेगावला कंपनीत आहे, त्यानं नवी घेतली आणि जुनी ह्याला दिली. हे मी विचारून नाही काढलं, सगळ्या वस्तीला माहीत आहे. तुलाही कळलं असतं, तू त्याच्या दारात चहाला थांबली असतीस तर.

गोकुळला मी फोटोवरून बोलले. तो म्हणतो, काकू, भिंत सगळ्यांची आहे. त्याचं खोटं नाही.

ह्यांचं म्हणशील तर ते डब्याकडं फिरकतसुद्धा नाहीत. रोज रात्री बातम्यांत देशाचं ऊन बघतात आणि झोपतात. राजस्थानात अमुक झालं, विदर्भात तमुक झालं. आपल्या पैजेची त्यांना काळजी दिसत नाही, हे तू म्हणतेस ते खरं आहे.

दुपारचं काय सांगू. अशा उन्हात कोण बाहेर पडतं?

तब्येत सांभाळ.

सुलेखा


छत्रपती संभाजीनगर
७ मे

सुलेखा,

‘कोण बाहेर पडतं’ हे उत्तर होत नाही. चाळीस वर्षं मी विद्यार्थ्यांच्या उत्तरपत्रिका तपासल्या आहेत. ज्याला उत्तर येत नाही तो काहीतरी लिहितो. ज्याला येतं आणि द्यायचं नसतं तो प्रश्नाला प्रश्न जोडतो.

सोमनाथ दिसतो तोच आकडा लिहीत असेल, तर आकडा दिसण्याआधी पारा खाली आणला जातो आहे. किल्लीवाल्याला ते सगळ्यांत सोपं आहे. मी आज मुख्याध्यापकांना पत्र लिहिलं. सोमनाथच्या हातून पाण्याचे आकडे विश्वासार्ह राहिलेले नाहीत, असं आधी लिहिलं होतं, मग खोडून पाऱ्याचे लिहिलं, यावरून माझी मनःस्थिती तुला कळेल. किल्ली त्याच्याकडून काढून घ्यावी आणि यापुढे मुख्याध्यापकांनी स्वतः आकडा बघावा, असं सुचवलं आहे. बाहेरच्या पैजा लावणाऱ्यांशी संबंध असल्याचा संशय आहे, हेही स्पष्ट लिहिलं. मोघम लिहिण्यात अर्थ नसतो.

तुला राग येईल. पण बावन्न मुलांची सावली त्या डब्यावर ठरणार आहे.

दमयंती


छत्रपती संभाजीनगर
२१ मे

सुलेखा,

दोन आठवडे झाले, तुझं पत्र नाही.

मुख्याध्यापकांचं कार्ड आलं. किल्ली त्यांच्या खिशात आहे आणि तरीही आकडे तसेच आहेत: ४१.४, ४१.०, ४१.६. इथे काल पंचेचाळीस होतं. म्हणजे सोमनाथ नव्हता. हे मान्य करायला मला पूर्ण एक दिवस लागला, तो मी तुझ्यापासून लपवत नाही.

आता एकच घर उरतं. कुलूप न उघडता कुणीतरी डबा थंड करतं आहे, ते दुपारी करतं आहे, आणि मी तीन वेळा विचारूनही दुपारबद्दल तू एक शब्द लिहिलेला नाहीस. तुझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून शाळेचं आवार सरळ दिसतं. त्या खिडकीशी उभं राहून मी चहा प्यायले आहे.

तू नवऱ्याला पाठीशी घालते आहेस का? एवढंच लिही. हो किंवा नाही.

दमयंती


पाचोड
३ जून

दमयंती,

नाही.

आता सगळं लिहिते, एकदाच. मध्ये थांबवायला तू इथं नाहीस ते बरं आहे.

डबा दगडाबाई थंड करत होती, सोमनाथची आई. शाळेचं आवार झाडते, रांजण भरते, तीच. आखितीला, तुझ्या अक्षयतृतीयेच्या दिवशीच, दुपारी मी खिडकीतून बघितलं. तिनं डब्याशेजारी तीन काठ्यांची तिवई रोवली, तळाला भोक पाडलेलं मडकं टांगलं आणि डब्यावर ओलं पोतं पसरून त्यावर गळती धरली. वैशाखात आपण महादेवाच्या पिंडीवर धरतो, तुळशीवर धरतो, तशीच. थेंब थेंब पाणी चार वाजेपर्यंत. चारला सगळं काढून झाडाखाली ठेवलं. पाचला लोक आले तेव्हा डबा सुकून खडखडीत झाला होता. सोमनाथ दुपारी आमच्या मोसंबीला पाणी द्यायला असतो, त्याला काही दिसलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी तिला हाक मारून विचारलं. ती म्हणाली, ‘वैनी, लोकं म्हणत्यात पारा चढला की इक्रम मोडतो. इक्रम मोडला की लेकरं पत्र्याखाली भाजतील. महादेवाला थंड केलं की निवतो, तर ह्याला का तापू द्यावं?’ तिला वाटत होतं की डबा तापतो म्हणून ऊन तापतं. मी तिला शिकवू शकले असते. बी.ए. आहे मी, तुझ्याच बाकावर बसून झालेली. मी म्हटलं, बरं.

का म्हटलं ते सांगते. तो मळा ह्यांचा नाही. माझा आहे. माझ्या वडिलांनी लग्नात माझ्या नावावर करून दिला, सातबारावर माझं नाव आहे. पैज लावताना ते हसले ना, त्याचं कारण एवढंच. पैज हरले असते तर चावडीसमोर उभं राहून म्हणाले असते, मळा तर मालकिणीच्या नावावर आहे, तिला विचारा. मग शंभर माणसं माझ्याकडं बघत राहिली असती. दिला तर नवऱ्याची हरलेली पैज फेडली, नाही दिला तर लेकरांच्या तोंडची सावली काढली. त्या रात्री मी त्यांना विचारलं. म्हणाले, ‘अगं, गंमत हाय. बाई कायदा लिहीत बसल्यात, मालक कोण ते बघितलंच नाय त्यांनी.’

आणि तू बघितलं नाहीसच. तुझ्या पहिल्या पत्रात अटी आहेत, आकडे आहेत, पेटीच्या झडपासुद्धा आहेत. जमीन कुणाची, हे नाही. इतकी वर्षं तू माझ्या घरी येतेस, त्या चिंचेखाली बसतेस. एकदा तरी विचारायचंस.

म्हणून मी गप्प राहिले. डबा थंड राहिला की पैज बुडते, आणि मला कुणाला काही उत्तर द्यावं लागत नाही. मी स्वतः काही केलं नाही. मी फक्त सांगितलं नाही.

मग तुझं पत्र मुख्याध्यापकांकडं आलं. त्यांनी ते शिक्षकांसमोर वाचलं, शिक्षकांकडून गोकुळला कळलं आणि बाजारच्या दिवशी चावडीवर सगळ्यांना. सोमनाथ पिशवी घेऊन भाजीला आला होता. कुणीतरी विचारलं, ‘किती दिलं रं शहागंजवाल्यांनी?’ दुसरा म्हणाला, ‘गाडी दिली की.’ तो भाजी न घेता परत गेला. तेव्हापासून बाजाराला येत नाही. त्याची बायको येते, आणि तिच्याशीही लोक हसून बोलतात. कसं हसतात ते तुला माहीत आहे.

त्या दिवशी मी बोलायला हवं होतं. बोलले नाही. अजून तीन आठवडे गेले. दगडाबाईचं नाव सांगितलं असतं तर वस्तीनं म्हातारीची टर उडवली असती, आणि मी काय केलं तेही बाहेर आलं असतं. या दोन्हींतलं कुठलं कारण मोठं होतं ते मला विचारू नकोस.

परवा बातमी आली. तूही ऐकली असशील. देशाचा विक्रम मोडला नाही, थोडक्यात राहिला. म्हणजे डब्यात पन्नास दिसले असते तरी तू हरलीच होतीस. ह्यांनी पेढे वाटले. पेढ्याचा बॉक्स घेऊन घरी आले तेव्हा मी सांगितलं, मळा मी शाळेला देते आहे. पैज संपली, आता देते. मला तो केव्हाच द्यायचा होता. हरलेली वस्तू म्हणून द्यायचा नव्हता.

पण कागदावर सही करण्याआधी तू इथं यायचंस. बाजारच्या दिवशी, त्याच चावडीसमोर, तेवढ्याच माणसांत सोमनाथची माफी मागायची. दगडाबाईचं नाव घ्यायचं नाही. आकडे का चुकले ते काय सांगायचं, ते तू ठरव.

सुलेखा


छत्रपती संभाजीनगर
७ जून

सुलेखा,

पत्र दोनदा वाचलं. मळा कुणाचा हे मी विचारलं नाही. याला कारण नाही, म्हणून कारण देत नाही.

पुढच्या बाजाराला पहिल्या बसने येते. चावडीसमोर काय सांगायचं ते ठरवलं आहे. तीन वर्षांत गावात येऊनही मी डबा बघायला गेले नाही, त्याची निगा राखली नाही, त्यामुळे यंदाचे आकडे बिघडले आणि दोष मी वाचणाऱ्यावर टाकला. यातलं पहिलं खरं आहे आणि शेवटचं खरं आहे. मधलं लोकांनी मानावं. बावीस वर्षांच्या नोंदींवर त्यामुळे कुणी बोट ठेवलं तर ठेवू दे.

तुझ्यावरही माझा राग आहे. सहा आठवडे तू खिडकीतून बघत होतीस. पण त्याबद्दल बोलण्याची माझी पाळी नंतर येईल, सोमनाथचं झाल्यावर.

घरी जेवायला थांबणार नाही. काकासाहेबांसमोर बसून पेढा खाण्याइतकी मी अजून सुधारलेले नाही.

दमयंती


पाचोड
१५ जून

प्रिय दमयंती,

तुझी बस गेल्यावर लोक बराच वेळ चावडीसमोरून हलले नाहीत. तू माफी मागशील असं कुणाला वाटलं नव्हतं. मुख्याध्यापकांना तर अजिबात नाही, त्यांचं तोंड बघायला हवं होतंस. ज्यानं गाडीवरून टोमणा मारला होता तो सोमनाथला चहाला घेऊन गेला. सोमनाथ गेला, चहा प्याला, घरी आला.

काल रजिस्ट्री झाली. साक्षीदार म्हणून ह्यांना नेलं होतं. सही करताना म्हणाले, ‘मला विचारलंसुद्धा नाहीस.’ कारकुनानं जागा दाखवली तिथं त्यांनी सही केली. येताना रसवंतीवर थांबले, दोन ग्लास घेतले आणि म्हणाले, चार वर्ग बसतील त्या जागेत, झाडं न तोडता. म्हणजे मोजून आले होते कधीतरी.

आता दुसरं. आज सकाळी सोमनाथ आला. मुख्याध्यापकांनी त्याला किल्ली परत दिली होती, ती त्यानं माझ्या ओट्यावर ठेवली. म्हणाला, ‘बाईंना द्या.’ मी म्हटलं, अरे, बाईंनी सगळ्यांसमोर सांगितलं ना, तुझी काही चूक नाही. तो म्हणाला, ‘डबा बिघडला नव्हता, वैनी. झाडाखाली मडकं सापडलं मला. बाई आईसाठी खोटं बोलल्या, ते कळलं मला. त्यांना सांगा, कळलं म्हणून.’ मग उंबऱ्यापर्यंत गेला आणि वळून म्हणाला, ‘पण किल्ली नको. बावीस वर्षं दिसलं ते लिवलं. आता दुसरं कुणी बघा.’

मी बस म्हटलं, बसला नाही.

आज पाचला डबा कुणी उघडला नाही. गोकुळ म्हणतो, काकू, उद्यापासून मी बघतो, आणि राहील तो दिवस फोनमध्ये पाहून भरून टाकतो, बाईंना कळणारसुद्धा नाही. मी त्याला थांबवलंय. काय करू ते कळव.

सुलेखा


छत्रपती संभाजीनगर
१९ जून

प्रिय सुलेखा,

गोकुळला सांग, काही भरायचं नाही.

किल्ली तुझ्याकडेच ठेव. नवा माणूस शोधू नकोस आणि सोमनाथकडे कुणाला पाठवू नकोस, तूही जाऊ नकोस. मी एकदा माफी मागितली आहे. पुन्हा गेले तर ती माफी राहणार नाही, मागणी होईल.

माझ्या वहीत पाचोडच्या रकान्यात पाच दिवस कोरे आहेत. उद्या सहावा होईल. त्याला वाटलं तर तो येईल आणि तुझ्याकडून किल्ली मागून घेईल. नाही वाटलं तर रकाना कोराच राहील. वही मी मिटलेली नाही, रोज त्याच पानावर माझ्या गच्चीवरचा आकडा लिहिते आणि शेजारची जागा सोडते.

वर्गांचा आराखडा कोण करतंय? पहिली भिंत आखायच्या दिवशी मला बोलाव. त्या दिवशी तुझ्याकडे जेवेन, आणि तुझ्यावरचा राग तेव्हा समोर बसून काढेन. पत्रात तो मावणार नाही.

तुझी,
दमयंती